थैली रिकामी झाल्यावर

‘कप आणा, टेबल राहील,’ वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

माझ्या लेखी तो तिथून सुरू झाला. आदिलाबादेत तेव्हा मला जायला दोनच जागा होत्या. एक संघटनेचं ऑफिस, म्हणजे आटाचक्कीच्या वरची खोली. तिथे मीच राहायचो, मीच झाडायचो आणि मीच पत्रकं लिहायचो. दुसरी जागा म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं ते टेबल. तिथे रविवारी माणसं माझी वाट पाहायची. माणसं म्हणजे दोन. पण वाट पाहायची.

कमिटीला ती मागची खोली टायपिंगच्या क्लासला द्यायची होती. पुढच्या हॉलमध्ये कॅरमवाले बसत, त्यांना कुणी हात लावला नाही. कारण त्यांनी बाहेरून एक कप जिंकून आणला होता आणि तो काचेच्या कपाटात ठेवला होता, सेक्रेटरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवत. आम्ही काय आणलं होतं? काही नाही. आम्ही नुसते खेळायचो. वाचनालयात येऊन नुसतं खेळणं हा गुन्हा आहे, फक्त कप असेल तर माफ आहे, असा कायदा कुणी केला ते मला आजवर कळलेलं नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या आंध्र-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांत घराघरात मराठी बोलतात, बाजारात मराठी, भांडणात मराठी, आणि शाळेत मराठी शिकवायला मास्तर नाही. जागा आहे, मास्तर नाही. या एका मागणीवर आमची संघटना उभी राहिली. सुरुवातीला आम्ही बरीच पोरं होतो. सायकली घेऊन बेल्याकडे, तलमडुगुकडे जायचो, भिंती रंगवायचो, कचेरीसमोर बसायचो. मग एकाला नांदेडकडे नोकरी लागली. एकजण विम्याचा एजंट झाला. ज्यानं मला हाताला धरून संघटनेत आणलं, त्यानं लग्न केलं आणि बी-बियाण्याचं दुकान टाकलं. बसस्टँडवर भेटला की तो हसून विचारायचा, ‘अबे, तू अजून आहेच का?’ जणू मी ताप होतो आणि उतरायला हवा होतो.

मी होतो. मला दुसरं काही येतही नव्हतं. पत्रक लिहिता येत होतं. पण पत्रक लिहिणाऱ्याशी कुणी बोलत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. लोक पत्रक घेतात, घडी करतात, खिशात घालतात. फार तर त्यात शेंगदाणे बांधून घेतात. तुमच्याशी बोलायचं असं त्यांना वाटत नाही, कारण तुम्हाला जे म्हणायचं आहे ते तुम्ही छापूनच दिलेलं असतं.

असंच एक पत्रक मी वाचनालयाच्या भिंतीला चिकटवत होतो, तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला.

‘ओ लीडर, इकडे या.’

आत एक म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, नाकावर जाड चष्मा, समोर चौकटींचा एक पट. तहसील कचेरीत त्यानं उभा जन्म पेशकार म्हणून काढला होता. पेशकार म्हणजे साहेबापुढे मिसली मांडणारा. फाइलीला तो शेवटपर्यंत मिसलच म्हणायचा.

‘तुमी “जाहीर निषेध” लिहिलं. कुणाचा, ते लिहिलंच नाई.’

मी पत्रक पाहिलं. खरंच नव्हतं लिहिलं.

‘निषेध हाये, पण मुद्दाअलेह गायब,’ तो म्हणाला. मुद्दाअलेह म्हणजे प्रतिवादी. ‘अशी मिसल आमच्या साहेबानं तोंडावर फेकली असती. इंग्रजी येते?’

‘येते.’

‘मंग बस.’

पहिल्या वाक्यात मी तुमी होतो, शेवटच्यात तू झालो. मी बसलो.

खेळ इंग्रजी अक्षरांचा होता. लाकडाचे छोटे चौकोनी ठोकळे, प्रत्येकावर एक अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. ठोकळे कापडी थैलीत. हात घालून न पाहता सात काढायचे, आपल्यासमोरच्या लाकडी घोडीवर असे लावायचे की समोरच्याला फक्त पाठ दिसेल. मग पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचे आणि जेवढे वापरले तेवढे थैलीतून पुन्हा घ्यायचे. कुणी बदलून गेलेल्या इंजिनिअरनं तो संच वाचनालयाला देऊन टाकला होता. त्यातला एक कोरा ठोकळा हरवला होता, त्याच्या जागी सदऱ्याचं बटन चालायचं. वाद झाला तर शब्दकोश होता, पुठ्ठा निघालेला.

दुकानवाल्या मित्राला हे कळलं तेव्हा तो दुकानातूनच ओरडला, ‘मराठीच्या नावानं बोंबलतो अन् खेळतो इंग्रजी! वा रे वाघा!’ गिऱ्हाइकं हसली. मी त्याला सुनावलं की मला इंग्रजीचा राग नाही, मास्तर न देणाऱ्यांचा राग आहे. पण तोवर तो तराजूत डोकं घालून बसला होता. खरं कारण मी त्याला सांगितलंही नसतं. खरं कारण असं, की त्या टेबलाशी कुणीतरी मला ‘बस’ म्हणालं होतं.

टेबलाशी तिसरा माणूस एक होमिओपॅथी डॉक्टर होता. तो तेलुगू, पण आमच्याशी बाजारातल्या हिंदीत बोलायचा. आला की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘क्या लीडर, आज किसको मुर्दाबाद?’ तो खेळायला कच्चा होता आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. दोन डाव हरायचा, सुपारी खायचा, निघून जायचा. नंतर संध्याकाळपर्यंत मी आणि पेशकार.

पेशकाराला सुरुवातीच्या शब्दांत रसच नव्हता. मी एखादा लांबलचक शब्द लावून त्याच्याकडे बघायचो, तो म्हणायचा, ‘ठीक हाये.’ त्याचा जीव असायचा शेवटात. थैली हलकी झाली की तो खुर्चीत पुढे सरकायचा, चष्मा पुसायचा, आणि मग त्याचा खरा डाव सुरू व्हायचा.

‘खेळ थैली रिकामी होऊन राह्यली की चालू होते,’ तो म्हणायचा. ‘त्याच्या आधी नशीब. त्याच्या नंतर हिशेब.’

हिशेब असा. संचात कोणतं अक्षर किती आहे ते ठरलेलं असतं. शेजारी कागदावर सगळी अक्षरं लिहून ठेवायची आणि पटावर एकेक पडलं की काट मारायची. थैली संपली की कागदावर जी अक्षरं बिनकाटीची राहिली, त्यांतली तुमच्या घोडीवरची वजा केली की उरली ती समोरच्याची. म्हणजे पाठ दिसत असली तरी पोट दिसतं. मग त्याचा शब्द कुठे बसू शकतो ते शोधायचं आणि ती जागा आपल्या एखाद्या फालतू शब्दानं बुजवून टाकायची. ज्याचे ठोकळे आधी संपले तो जिंकलाच असं नाही, पण दुसऱ्याच्या घोडीवर उरलेले गुण त्याला मिळतात. म्हणून शेवटी जड अक्षर हातात ठेवायचं नाही. सगळ्यांत वाईट क्यू. त्याला यू लागतो, आणि तोवर यू कुठेतरी चिरडून गेलेले असतात.

‘अन् थैली आपल्या हातानं रिकामी करायची नाई,’ पेशकार बजावायचा. ‘जो शेवटचा ठोकळा काढते, तो पाहत बसते. पहिला वार समोरच्याचा. लक्षात ठेव, लीडर. तुमचे मोर्चे अशेच फसतेत. सगळं पहिल्याच दिवशी काढून मोकळे होता.’

मला राग यायचा, कारण ते खरं होतं. आम्ही पहिल्याच निवेदनात सगळं लिहिलं होतं, उपोषणाची तारीखसुद्धा. कचेरीनं फक्त वाट पाहिली.

आता आमच्या टेबलाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. थैली रिकामी झाली की आम्ही दोघंही आपापली घोडी फिरवायचो. उघडी करायचो. समोरच्याला सगळी अक्षरं दिसायची आणि मग डाव उघड्यावर संपवायचा. ही रीत पेशकारानं कचेरीतून आणली होती. फैसल्याच्या आधी दोन्ही पार्ट्यांना मिसल बघायला मिळाली पाहिजे, हा त्याच्या साहेबाचा दंडक होता. ‘आता लपवायचं काय?’ तो म्हणायचा. ‘मले मालूम तुझ्याजवळ काय हाये. तुले मालूम माझ्याजवळ काय हाये. मंग पाठ कायले दाखवून राह्यलो? चोर हावो का आपण?’

मला ती रीत फार आवडायची. दिवसभर मी ज्या कचेऱ्यांत फिरायचो तिथे कुणी मला मिसल दाखवत नव्हतं. ‘वर गेली’, ‘खाली आली’, ‘साहेबाच्या टेबलावर आहे’. इथे एक माणूस स्वतःच्या हातानं घोडी फिरवायचा आणि म्हणायचा, बघ. संध्याकाळी खिडकीतून कापसाच्या गाड्यांची धूळ यायची, पुढच्या हॉलमध्ये कॅरमची टकटक चालू असायची, आणि आम्ही दोघं एकमेकांची अक्षरं वाचत गप्प बसायचो. आठवड्यातून तेवढाच वेळ मला एकटं वाटत नसे. बोलायचो आम्ही फक्त खेळाचंच. त्याच्या घरी कोण आहे, मी कुठे जेवतो, यातलं काहीच निघायचं नाही. गरज पडली नाही.

आणि सेक्रेटरीला ती खोली हवी होती.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. ‘वाचनालय कुणाच्या मालकीचं?’ अशी सुरुवात होती. खाली मागण्या. कमिटीचा जाहीर निषेध, आणि या वेळी नाव घालून. पेशकारानं ते चष्मा वर करून वाचलं.

‘टेबलासाठी मुर्दाबाद?’

‘तत्त्वाचा प्रश्न आहे.’

‘तत्त्व ठेव खिशात. त्यानं शर्त सांगतली ना? कप आणा म्हणला ना? मंग कप आणू. शर्त मानली की तो बांधला गेला.’

डॉक्टर म्हणाला, ‘लीडर, नागपूर में कॉम्पिटिशन है. मेरा साला बोला. कॉलेज का हॉल है, कोई भी जा सकता.’

दोघं माझ्याकडे पाहायला लागले. पेशकाराला प्रवास झेपत नव्हता, डॉक्टर हरायचा. उरलो मी.

त्यानंतरचे रविवार मी तालमीतल्या पैलवानासारखे काढले. पेशकार मुद्दाम अडचणीचा शेवट मांडायचा. हाती नुसते स्वर, पटावर एक चिंचोळी जागा, बोल काय करशील. नुसती व्यंजनं, बोल. मी चुकलो की तो ठोकळे गोळा करायचा आणि न बोलता पुन्हा मांडायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, ‘साहेब, इतकं तर कचेरीतही कुणी छळत नाही.’ तो म्हणाला, ‘कचेरीले तुझं काही चांगलं व्हावं असं वाटत नाई.’ एवढं बोलून त्यानं पुन्हा मांडायला घेतलं. त्याच्या तोंडून इतकं प्रेमाचं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

नागपूरला मी सकाळच्या बसनं गेलो. कॉलेजचा हॉल मोठा होता, ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर नवा कोरा संच, आणि बटन कुठेच नाही. बहुतेक कॉलेजची मुलं, काही बँकेतली माणसं, काही प्राध्यापक. सगळे एकमेकांना ओळखत होते. मला कुणी विचारलं, ‘कुठून?’ मी म्हणालो, ‘आदिलाबाद.’ ‘आंध्र? मग मराठी इतकं चांगलं कसं?’ मी तिथेच त्याला आमच्या मागणीचं सगळं सांगायला लागलो. तो दोन वाक्यं ऐकून चहा आणायला गेला आणि परत आलाच नाही.

डाव मात्र मी जिंकत गेलो. थैली हलकी झाली की समोरची मुलं गडबडायची, मी शांत व्हायचो. बहुतेकांचा शेवट थैली संपायच्या आतच ठरून जायचा, मी इतका पुढे गेलेलो असायचो की ते हात जोडून उठायचे. एक-दोन वेळा उलट झालं, पण नाव पुढे सरकत राहिलं आणि दुपार कलल्यावर शेवटच्या डावाला मी बसलो. समोर एक बाई होत्या, चाळिशीच्या, कुठल्याशा कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. कप पुढच्या टेबलावर ठेवला होता. तसा छोटाच होता, पण काचेच्या कपाटात कॅरमवाल्यांच्या शेजारी नीट बसला असता. मी मनात जागाही केली होती.

डाव बरोबरीनं चालला. थैलीत मोजकेच ठोकळे उरले तेव्हा मी मागे होतो. माझ्यापुढे एक मोठा शब्द होता. तो लावला तर मी पुढे जाणार होतो, पण थैली माझ्याच हातानं रिकामी होणार होती. पेशकाराचं बजावणं आठवलं. कागद पाहिला. क्यू अजून कुठेच पडला नव्हता. एक तर बाईंकडे होता, नाही तर थैलीत. न लावता थांबलो असतो तर मागेच राहिलो असतो. मी लावला. हात घालून उरलेले सगळे ठोकळे काढले, आणि त्यात क्यू होता.

तरीही डाव माझाच होता. पटाच्या डाव्या कडेजवळ एक यू मोकळा होता, दोन्ही बाजूंनी जागा असलेला. माझ्याकडे आय होता, टी होता. क्यूला त्या यूशी बसवून चार अक्षरांचा शब्द होत होता. बाईंची पाळी एकदा जाऊ दे, मग मी क्यू टाकतो आणि कप घेतो. त्यांनी आपले ठोकळे उचलले होते, हात पटाच्या उजव्या बाजूला निघाला होता. डावीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आणि मी घोडी फिरवली.

विचार करून नाही. थैली रिकामी झाली, हातानं घोडी फिरवली, जसं जेवण झालं की हात ताट सरकवतो. उघड्या घोडीवर सगळ्यांत पुढे क्यू.

बाईंचा हात हवेत थांबला. ‘अहो, हे काय करताय?’

‘थैली संपली ना.’

‘मग?’

‘मग उघडायचं.’

शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा वाकून पाहायला लागला. ‘काऊन भाऊ, आदिलाबादले असंच खेळतेत का?’ दोघं-तिघं हसले. पंच म्हणून एक गृहस्थ फिरत होते, ते आले. त्यांनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की दाखवू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण दाखवायचंही कारण नाही. मी घोडी परत वळवली. दारामागे माणूस उभा आहे हे सगळ्यांना माहीत असताना दार बंद करावं, तशी.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मग पटाकडे. मग त्यांची नजर डाव्या कडेकडे गेली. त्यांच्यापुढे काट मारलेला कागद नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दिवसभर त्या न मोजता खेळल्या होत्या. उजवीकडे निघालेला हात त्यांनी मागे घेतला, हातातले ठोकळे ठेवून दुसरे उचलले, आणि त्या यूच्या शेजारी दोन अक्षरांचा एक किरकोळ शब्द ठेवून जागा बुजवली.

क्यू माझ्याकडेच राहिला. बाईंनी मग घाई केली नाही. एकेक ठोकळा, एकेक छोटा शब्द. माझ्या जागा संपल्यावर मी ‘पास’ म्हणायचो, त्या एक ठोकळा ठेवायच्या. पुन्हा ‘पास’. शेवटच्या ठोकळ्यानंतर माझ्या क्यूचे गुण त्यांच्याकडे गेले, आणि तेवढ्यानंच त्या माझ्या पुढे गेल्या.

हात मिळवताना त्या म्हणाल्या, ‘वाईट वाटलं हो. पण दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करणार?’

मी माझा काट मारलेला कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या नंबराला कप नव्हता. प्रशस्तिपत्र होतं, त्यावर माझ्या नावापुढे कुणीतरी ‘आंध्र प्रदेश’ असं लाल शाईनं लिहून दिलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणीच बसलं नाही, बस अर्धी रिकामीच होती. पांढरकवड्याला उतरून मी चहा घेतला. तिथे एसटीडीचा बूथ होता, काचेवर पिवळी अक्षरं. कुणाला तरी फोन करून सांगावं असं वाटलं की हरलो. मी बूथपर्यंत गेलो आणि मग लक्षात आलं की ज्याला सांगायचं त्याच्याकडे फोन नाही, आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना काय हरलो ते आधी समजावून सांगावं लागेल. कंडक्टरनं घंटी मारली, मी चढलो.

रविवारी पेशकार आधीच येऊन बसला होता. पट मांडला नव्हता. मी सगळं सांगितलं. घोडी फिरवल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, जणू त्यात काही वावगं नव्हतंच. पुढचं ऐकून मात्र तो सरळ बसला.

‘थांब. बाईनं मोजलं नव्हतं?’

‘नाही.’

‘कागदच नव्हता?’

‘नव्हता, साहेब.’

‘मंग ती खेळून काय राह्यली होती?’

तो खरंच चक्रावला होता. समोरचा आपल्याइतकंच जाणतो हे त्याच्या रीतीत धरलेलंच होतं. न मोजणाऱ्या माणसापुढे घोडी फिरवली तर काय होतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, कारण त्याच्या टेबलाशी न मोजणारा फक्त डॉक्टर होता आणि त्याला दाखवून काही फरक पडायचा नाही. डॉक्टर तेव्हा तिथेच सुपारी कातरत होता. ‘मैं तो देखता भी नहीं था,’ तो म्हणाला.

सेक्रेटरी दारातून डोकावले. ‘कप?’

मी प्रशस्तिपत्र पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, वाचलं, ‘छान’ म्हणाले आणि परत दिलं. ‘येत्या सभेत खोलीचा विषय घेतो.’

सभा म्हणजे वाचनालयाची वार्षिक सभा. सतरंज्या, माईक, पुढे कमिटी, मागे सभासद. विषयपत्रिकेवर टायपिंग क्लासचा ठराव होता. मी तयारी करून गेलो होतो. उभा राहून मी उपसूचना मांडली: मागची खोली आहे तशी सभासदांच्या उपयोगासाठी ठेवावी. भाषण चांगलं झालं. मला भाषण येतं. वाचनालयात माणसांना बसायला जागा नसेल तर ते पुस्तकांचं गोदाम आहे, असं म्हणालो. जो खेळ कपात मोजता येत नाही तो खेळ नाही, असं ठरवणारे तुम्ही कोण, असंही म्हणालो. कॅरमवाल्यांपैकी एकानं टाळीसुद्धा वाजवली.

अध्यक्ष म्हणाले, ‘अनुमोदक?’

अनुमोदकाशिवाय सूचना मतालाच जात नाही. एक माणूस हवा असतो. फक्त हात वर करून ‘माझं अनुमोदन’ म्हणणारा एक माणूस. मी डॉक्टरकडे पाहिलं. तो चपला शोधत असल्यासारखा खाली वाकला. मी पेशकाराकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर सरळ माझ्यावर. हात हलले नाहीत.

‘अनुमोदक कुणी आहे?’ अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

पंखा फिरत होता. मी अजून उभाच होतो.

‘पुढचा विषय.’

बाहेर मी त्याला गाठलं. मला आजवर कुणावरही इतका राग आला नव्हता, ना सेक्रेटरीवर, ना कचेरीवर. ‘एक हात, साहेब,’ मी म्हणालो. ‘एक हात वर करायचा होता.’

‘शर्त मानली होती आपण,’ तो म्हणाला. ‘कप आणतो म्हणलं, नाई आणला. मंग आता कोणत्या तोंडानं हात वर करू?’

‘शर्तच अन्यायाची होती!’

‘ते जायच्या आधी म्हणायचं होतं, लीडर. जिंकून आला असता तर म्हणला असता का, शर्त अन्यायाची हाये?’

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्यामागे लूना फटफटत. मग तो म्हणाला, ‘चाल. चाय घेऊ.’

हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. मध्ये संगमरवरी टेबल, त्यावर पाण्याचे दोन ग्लास आणि चहाचे ओले गोल डाग. त्यानं दोनदा चष्मा पुसला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर बसलो, पण आमच्यामध्ये नेहमी पट असायचा. आता नुसते आम्ही होतो, आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. चहा आला. तो फुंकर मारून प्यायला लागला. मी माझा ग्लास नुसता धरून ठेवला.

अर्धा ग्लास झाल्यावर त्यानं विचारलं, ‘तुझं गाव कोणतं?’

‘बेल्याकडचं.’

‘असं का?’ तो म्हणाला. ‘रोड सुधरला का तिकडचा?’

‘नाही,’ मी म्हणालो.